प्रांतिक ग्रीक नाण्यांवरचे देव कसे ओळखावेत: योग्य क्रम, खुणा आणि नेहमी होणाऱ्या चुका

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या शहरांनी आपापल्या टांकसाळीत पाडलेली ग्रीक अक्षरांची नाणी वाचताना बहुतेकांची गाडी एकाच वळणावर घसरते. मागच्या बाजूला एक स्त्री उभी दिसते, हातात काहीतरी असतं, की लगेच अथेना, डेमेटर किंवा टायके (शहराची नशीबदेवता) असं नाव लावलं जातं. एकदा नाव लागलं की बाकीचं सगळं त्या नावाला जुळवून वाचलं जातं. झिजलेल्या जागी भाला दिसू लागतो, खरवडा उठलेल्या जागी घुबड दिसू लागतं.

हा क्रमच उलटा आहे. या नाण्यांवरचे देव गावचे देव आहेत. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई आणि माहूरची मुखवट्याच्या रूपातली रेणुका या तिघींना ‘देवी’च्या एकाच ठरीव चित्रावरून ओळखता येत नाही, एफेससची आर्टेमिस आणि पेर्गेची आर्टेमिस यांचंही अगदी तसंच आहे. म्हणून गाव आधी, काळ त्यानंतर आणि देव सर्वांत शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

टप्पा १: नाव घेण्याआधीची तयारी

लागणारं साहित्य थोडंच आहे: दहापट भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा सराफी काटा, व्हर्नियर कॅलिपर, एकाच बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा, आणि वही. नाण्याचं वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंच्या चित्रांची एकमेकांशी असलेली दिशा आधी टिपून ठेवा. दर्शनी बाजू सरळ धरून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवलं की मागचं चित्र सरळ येतं की उलटं, एवढं नोंदवलं तरी पुरे.

प्रकाश तिरका हवा. दिवा नाण्याच्या पातळीशी जवळजवळ समांतर आणा आणि नाणं हळूहळू पूर्ण गोल फिरवा. समोरून टाकलेल्या प्रकाशात मेंढ्याचं शिंग आणि केसांची बट यांत फरक कळत नाही; तिरक्या प्रकाशात कळतो. चार दिशांनी चार छायाचित्रं काढा. आपल्याकडे बहुतेक वाचक लिलावाच्या छायाचित्रांवरूनच काम करतात. तिथे मिळतील तेवढी वेगवेगळ्या प्रकाशातली छायाचित्रं मागून घ्या. एकाच चित्रावर विसंबू नका.

सावध: नाणं घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांतलं काहीही लावू नका. कांस्यावरचा राप, म्हणजे काळाने चढलेला थर, आणि धातूत मुरलेला उठाव एकमेकांना धरून असतात. राप गेला की हातातली काठी आणि मशाल यांतला फरक दाखवणारी शेवटची रेघही जाते.

टप्पा २: चित्र मुळातलं आहे का?

हा टप्पा लोक सर्रास वगळतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. झिजलेल्या मोठ्या कांस्य नाण्यांवर नंतर कोरकाम करून उठाव ‘वाढवलेला’ पुष्कळदा आढळतो. कोरणाऱ्याला जे दिसलं किंवा जे विकेल असं वाटलं, ते त्याने कोरलेलं असतं. अशा नाण्यावरचं देवतेचं आयुध हे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या कारागिराचं असेलच असं नाही.

भिंगाखाली तीन गोष्टी बघा. कपड्याच्या चुण्यांच्या तळाशी धारदार, एकाच दिशेने जाणारे ओरखडे आहेत का? चित्राभोवतीची मोकळी जागा अनैसर्गिक सपाट झाली आहे का? चेहरा झिजलेला असताना हातातली वस्तू मात्र कोरी करकरीत आहे का? यांतली एक जरी गोष्ट दिसली, तरी त्या वस्तूवरून देव ठरवायचा नाही.

याशिवाय तीन खुणा चित्राचा भाग नसतात, पण वाचणारे त्यांनाही अर्थ लावतात:

पहिली म्हणजे नाण्याच्या मधोमध असलेला छोटा खळगा. आशिया मायनर (आजचा आशियाई तुर्कस्तान), थ्रेस, मोसिया (डॅन्यूब नदीकाठचा प्रांत) आणि अलेक्झांड्रियाच्या कांस्य नाण्यांवर तो नेहमी दिसतो. चकती तयार करतानाची ती खूण आहे. ती नाभी नाही, ढालीचा मध्य नाही आणि डोळाही नाही.

दुसरी म्हणजे वरून मारलेला छोटा ठसा. त्यात एखाद्या देवाचं डोकं असू शकतं, पण तो नाणं चलनात आल्यावर मारलेला असतो, कधी दुसऱ्याच शहराने. त्याची नोंद वेगळी करा.

तिसरी म्हणजे मोकळ्या जागेतलं सुटं अक्षर. मोसियातल्या मार्कियानोपोलिसच्या दोन चेहऱ्यांच्या नाण्यांवर मागे एप्सिलॉन असतो. डेल्फीच्या देवळावर एप्सिलॉन होता हे वाचलेल्यांना तिथे लगेच अपोलोचं गूढ दिसतं. प्रत्यक्षात ते पाच या किमतीचं अक्षर आहे: नाणं पाच असारियांचं (असारिया हे तिथल्या कांस्य चलनाचं एकक).

टप्पा ३: देवाचं नाव न घेता वर्णन लिहा

वहीत फक्त जे दिसतं तेच लिहा. ‘अथेना उभी’ असं नको. ‘स्त्री उभी, डोकं डावीकडे वळलेलं, डोक्यावर शिरस्त्राण, उजव्या हातात पसरट भांडं, डाव्या हातात उभी काठी, पायाशी गोल वस्तू’ असं हवं. जे धड दिसत नाही तिथे ‘अस्पष्ट’ लिहा. हा शब्द वहीत जितका प्रामाणिकपणे येईल तितका पुढचा निष्कर्ष टिकेल.

डाव्या-उजव्याचा नियम एकदाच पक्का करून घ्या. आकृती कोणत्या दिशेला बघते हे बघणाऱ्याच्या बाजूने लिहायचं. हात मात्र आकृतीचे स्वतःचे. म्हणजे समोर तोंड करून उभ्या असलेल्या देवीच्या हातातली वस्तू तुमच्या डावीकडे असेल, तर ती तिच्या उजव्या हातात आहे. हे दोन नियम मिसळले की छापील सूचीतलं वर्णन तुमच्या नाण्याशी कधीच जुळत नाही. मग हातातला प्रकार ‘नोंद नसलेला दुर्मिळ’ ठरतो. दुर्मिळ म्हणून मिरवलेल्या कितीतरी नाण्यांचं मूळ या एका गोंधळात असतं.

वर्णनाचा क्रम: मुख्य आकृती, डोक्यावरचं, उजवा हात, डावा हात, पाय आणि पायाखालचं, दोन्ही बाजूंचं, इमारत असल्यास ती, तळपट्टीतलं (चित्राच्या पायथ्याच्या रेषेखालच्या जागेतलं).

टप्पा ४: मुद्रालेख

आपल्याकडे ग्रीक लिपीशी पहिली गाठ बहुतेकांची नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर पडते. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या निधीत ती हजारोंनी होती. तिथे ग्रीक अक्षरांत प्राकृत शब्द लिहिलेले आहेत, म्हणून अक्षरं जुळवली की काम भागतं. प्रांतिक नाण्यांवर अक्षरं जुळवून भागत नाही. शब्दाच्या शेवटाकडे, म्हणजे विभक्तीकडे बघावं लागतं. देव कोण आणि अधिकारी कोण हे तिथे ठरतं.

आधी अक्षरांचे आकार. या काळात सिग्मा बहुधा इंग्रजी सी सारखा अर्धगोल असतो, कधी चौकोनी. ओमेगा गोलसर डब्ल्यूसारखा. त्यांना रोमन लिपी समजू नका. लेख साधारण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, पण सुरुवात कुठूनही असू शकते. शब्द आकृतीच्या दोन बाजूंना तुटतो आणि उरलेला तळपट्टीत जातो. तुटलेले तुकडे आधी सलग लिहून काढा.

मग या क्रमाने शोधा:

पहिलं, ‘-ओन’ असा शेवट, म्हणजे ओमेगा आणि न्यू. तो अनेकवचनी षष्ठीचा प्रत्यय. ‘एफेसिओन’ म्हणजे एफेससच्या लोकांचं, ‘सामिओन’ म्हणजे सामोसच्या लोकांचं. गाव इथे सापडतं.

दुसरं, ‘एपि’ हा शब्द. त्याच्यापुढचं नाव अधिकाऱ्याचं असतं, त्याच्या कारकिर्दीत नाणं पाडलं असा अर्थ. आजूबाजूला ‘स्त्र’, ‘ग्र’, ‘आर्ख’ अशी पदांची संक्षिप्त रूपं असतात: स्त्रातेगोस, ग्रामातेउस, आर्खोन. इथली चूक फार ठरलेली आहे. अपोलोनिओस, दिओनिसिओस, देमेत्रिओस ही सामान्य माणसांची नावं होती. ‘एपि’नंतर ‘अपोलोनिउ’ आलं म्हणून चित्रातला देव अपोलो होत नाही.

तिसरं, पदव्या. ‘नेओकोरोन’ हा शब्द त्या शहराकडे बहुधा सम्राट-पूजेच्या मंदिराचं पालकत्व असल्याचा मान सांगतो. त्याच्या आधी ‘दिस’ किंवा ‘त्रिस’, किंवा नुसती बीटा, गामा ही आकडेवाचक अक्षरं येतात: दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तीन मंदिरं एकाच नाण्यावर ओळीने दिसली, तर ती तीन देवांची कथा आहे असं धरून चालू नका. आधी या पदवीचा आकडा बघा.

चौथं आणि शेवटचं, देवाचं स्वतःचं नाव. ते दरवेळी नसतं. असलं तर ‘ग्लिकोन’, ‘कोरे’ असं सरळ प्रथमेत येतं किंवा पेर्गेच्या नाण्यांसारखं ‘आर्टेमिदोस पेर्गाइआस’ असं षष्ठीत.

सावध: एकाच नावाची अनेक शहरं होती. अँटिओक, आपामेया, लाओडिकिया, हिएरापोलिस, निकोपोलिस ही नावं वाचून थांबू नका. नदीचं नाव, डोंगराचं नाव किंवा वसाहतीची पदवी जोडलेली आहे का ते बघा. फ्रिजियातल्या हिएरापोलिसचा मुख्य देव अपोलो. सीरियातल्या हिएरापोलिसची सिंहांवर बसलेली देवी आतारगातिस. शहर चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

टप्पा ५: काळ

दर्शनी बाजूला सम्राट असेल तर काळ हाती येतो. नसेल तर घाई नको. ‘सिंक्लेतोस’ म्हणजे सेनेट, ‘देमोस’ म्हणजे जनता, ‘बुले’ म्हणजे नगरसभा यांची तोंडवळ्याची चित्रं असलेली पुष्कळ नाणी रोमन काळातलीच आहेत. सम्राट नाही म्हणून नाणं अलेक्झांडरनंतरच्या स्वतंत्र ग्रीक काळातलं ठरत नाही. आणि या तिघांना देवही समजू नका. ती मानवरूप दिलेली संस्था आहे.

सीरियाकडे नाण्यावर वर्ष असतं. एमेसा, म्हणजे आजचं होम्स, इथे स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या उरानियस अँटोनिनसच्या कांस्य नाण्यांवर एप्सिलॉन, क्झाय, फाय ही तीन अक्षरं येतात: ५, ६० आणि ५००, मिळून ५६५. सेल्युकिड शक (सेल्युकस राजघराण्याची कालगणना) इ.स.पू. ३१२ पासून मोजतात, म्हणून हे वर्ष इ.स. २५३-५४. प्रत्येक शहर हाच शक वापरत नव्हतं. शक कोणता हे शहरावरून ठरतं. त्यामुळे टप्पा ४ आधी.

अलेक्झांड्रियात सम्राटाचं राज्यवर्ष लिहितात आणि त्याआधी इंग्रजी एलसारखी खूण असते. इजिप्तचं वर्ष २९ ऑगस्टला सुरू होई (लीप वर्षाच्या आधी ३० ऑगस्टला). सम्राट अँटोनिनस पायस जुलै १३८ मध्ये गादीवर आला, म्हणून त्याचं पहिलं वर्ष जेमतेम काही आठवड्यांचं. दुसरं वर्ष १३८-३९. त्या दुसऱ्या वर्षाच्या नाण्यांवर फिनिक्स, म्हणजे राखेतून पुन्हा जन्मणारा काल्पनिक पक्षी, आणि ‘आइओन’, म्हणजे युग, हा शब्द येतो, कारण १३९ मध्ये इजिप्शियन पंचांगाचं, व्याध ताऱ्याच्या उगवतीवर आधारलेलं सोथिस चक्र पूर्ण झालं. वर्ष वाचलं नाही तर हा पक्षी नुसता अमरत्वाचं चिन्ह म्हणून निकालात निघतो.

तपासणी: अलेक्झांड्रियाच्या नाण्यावर रेलून बसलेला नाईल देव आणि मोकळ्या जागेत १६ हा आकडा दिसला, तर आकड्याच्या आधी एलसारखी खूण आहे का ते पाहा. नसेल तर ते राज्यवर्ष नव्हे. चांगल्या पुराची उंची सोळा हात, ती तिथे लिहिली आहे.

टप्पा ६: मूर्ती आहे की नुसता देव?

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, म्हणून इथे वेळ द्या. देव दोन प्रकारे दाखवतात. एक, मोकळा देव: सहज उभा, एका पायावर भार, शिकारीला निघालेला किंवा सिंहासनावर बसलेला. दोन, त्या गावातली प्रत्यक्ष पूजेतली मूर्ती. पूजामूर्तीच्या खुणा अशा: ताठ समोर तोंड, पाय जुळलेले, खाली चौथरा, कोपरापासून पुढे आलेले हात, हातांतून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या लोकरी पट्ट्या, दोन्ही बाजूंना सेवेतले प्राणी किंवा परिचारक, आणि पुष्कळदा भोवती देऊळ.

यांतल्या काही मूर्ती हमखास एकमेकींत मिसळतात. एफेससच्या आर्टेमिसच्या छातीवर गोलाकार उंचवट्यांच्या रांगा, डोक्यावर उंच मुकुट, हातांतून पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना हरणं. सामोसच्या हेराच्याही हातांतून पट्ट्या लोंबतात आणि मुकुटही असतो. पण उंचवट्यांच्या रांगा नाहीत, हरणं नाहीत, कधी मोर दिसतो. सार्डिसची कोरे बुरख्यासह ताठ उभी, एका बाजूला गव्हाची लोंबी आणि दुसऱ्या बाजूला खसखशीचं बोंड. पेर्गेच्या आर्टेमिसला हातपायच नाहीत: मूर्तींच्या पट्ट्यांनी सजवलेला एक गोलसर ठोकळा, वर उंच शिरोभूषण, बहुधा दोन खांबांच्या देवळात. नावं आर्टेमिस, आर्टेमिस. रूपं पूर्ण वेगळी.

मायरा शहराच्या, सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या काळातल्या नाण्यावर तर मूर्ती झाडाच्या फांद्यांत आहे. दोन माणसं कुऱ्हाडी उगारून झाडावर घाव घालताहेत आणि झाडातून साप निघून त्यांच्यावर येताहेत. ज्याने टप्पा ३ टाळला तो इथे झाड बघून ‘वृक्षपूजा’ लिहून मोकळा होतो आणि कुऱ्हाडीवाल्यांना भक्त ठरवतो. वर्णन नीट लिहिलेलं असेल तर हे पवित्र झाडावरचा हल्ला आणि देवीने केलेलं रक्षण आहे हे सुचतं.

आता दगड. एमेसाच्या नाण्यांवर देवळात वर गोल झालेला मोठा दगड आणि त्यापुढे गरुड. पॅफोसच्या नाण्यांवर देवळात शंकूसारखा दगड. बिब्लोसच्या, सम्राट मॅक्रिनसच्या काळातल्या नाण्यावर अंगणात शंकू. मराठी वाचकाच्या मनात पहिला शब्द शिवलिंगच येतो, ते साहजिक आहे. वहीत मात्र ‘घुमटाकार दगड’ एवढंच लिहा. एमेसाचा दगड एलागाबाल देवाचा, पॅफोसचा आफ्रोडाइटीचा; एक देव, एक देवी, दोन वेगळ्या परंपरा. आकार सारखा असल्यामुळे त्यांच्यातच नातं जोडता येत नाही, तर आपल्याकडचं नातं कुठून जोडणार? तसंच अलेक्झांड्रियाच्या नाण्यावरचा, शिंगांमध्ये सूर्यबिंब असलेला बैल हा आपिस, नंदी नव्हे. आणि बेरितस, म्हणजे बैरुतच्या नाण्यावर डोकं झाकलेला माणूस बैलजोडी हाकताना दिसतो तो शेतकरी नाही. रोमन वसाहत वसवताना नांगराने शहराची पवित्र हद्द आखण्याचा तो विधी आहे.

कप्पाडोकियातल्या सिझेरियाच्या नाण्यांवर वेदीवर डोंगर ठेवलेला दिसतो. तो आर्गायोस, आजचा एर्जियेस. इथे डोंगर हे स्थळचित्र नाही, पूजेचा विषय आहे.

सावध: देवळाचे खांब मोजून वास्तूचा आराखडा काढू नका. साचा कोरणारे खांब कमी करत आणि मधली जागा रुंद करत, कारण मूर्ती दिसायला हवी. चार खांबांचं चित्र सहा किंवा आठ खांबांच्या देवळाचंही असतं.

टप्पा ७: हातातल्या वस्तू, पण जोडीने

एका वस्तूवरून देव ठरवू नका; किमान दोन खुणा जुळायला हव्यात. तटबंदीचा मुकुट टायकेला असतो, किबेले या मातृदेवतेला असतो आणि आतारगातिसलाही असतो. मुकुटासोबत सुकाणू आणि फळांनी भरलेलं शिंग असेल तर टायके. सिंह आणि डफ असेल तर किबेले. पायाशी पोहणारा नदीदेव आणि बसायला खडक असेल तर अँटिओकच्या प्रसिद्ध टायकेचा नमुना, जो अनेक शहरांनी उचलला. म्हणून खडक-नदी दिसली की अँटिओक असं धरू नका.

नेमेसिस, म्हणजे गर्वाला शासन करणारी देवी, मानेजवळचं वस्त्र बोटांनी ओढून धरते. हातात लगाम किंवा मोजपट्टी, पायाशी चाक किंवा ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेला प्राणी). वस्त्र ओढण्याचा हावभाव लहान असतो आणि झीज झाली की सगळ्यांत आधी जातो, म्हणून तो मुद्दाम शोधा. मेन या चंद्रदेवाच्या खांद्यांमागून चंद्रकोर निघते, डोक्यावर फ्रिजियन टोपी, पाय पुष्कळदा बैलाच्या मुंडक्यावर. चंद्रकोर बघून त्याला आर्टेमिस किंवा सेलेने ठरवतात. पोशाख पुरुषाचा आहे हे बघितलं जात नाही.

सापाबाबत जरा थांबतो, कारण नाग दिसला की आपलं मन फार वेगाने धावतं. काठीला वेटोळं घातलेला साप आणि दाढीवाला पुरुष म्हणजे वैद्यकाचा देव आस्क्लेपिओस. तरुणी भांड्यातून सापाला खाऊ घालत असेल तर आरोग्याची देवी हिगिएया. दोघांमध्ये डोक्यापासून पायापर्यंत झगा पांघरलेलं छोटं मूल म्हणजे तेलेस्फोरोस. पर्गामममध्ये हे तिघे नेहमीचे. टोपलीतून निघणारा साप दिओनिसोसच्या गुप्तविधींकडे बोट दाखवतो. दोन सापांचा रथ आणि हातात मशाली असतील तर मुलीला शोधणारी डेमेटर. रथात बी पेरणारा तरुण असेल तर त्रिप्तोलेमोस. इजिप्तचा मुकुट घातलेला साप अलेक्झांड्रियाचा आगाथोदाइमोन. आणि अबोनोतेइखोसचा वेटोळ्यांचा साप हा ग्लिकोन: दुसऱ्या शतकात अलेक्झांडर नावाच्या माणसाने सुरू केलेला पंथ. त्याची टर उडवत त्याच काळातल्या लुकियान या व्यंगलेखकाने सविस्तर लिहिलं आहे. ते वाचून नाण्याकडे बघताना एक भान ठेवा. लेखकाला तो भोंदूपणा वाटला, पण शहराने आपल्या नाण्यावर त्या देवाचं नाव घातलं. नाण्याचा पुरावा शहराच्या बाजूचा आहे. लुकियानचं मत त्यावर चढवू नका.

टप्पा ८: प्रसंग वाचणं

दोन देव समोरासमोर किंवा हात मिळवून उभे असतील, तर लग्न किंवा पुराणकथा शोधण्याआधी ‘होमोनोइया’ हा शब्द शोधा. तो दोन शहरांमधल्या सलोख्याची घोषणा आहे आणि प्रत्येक देव आपल्या शहराचा प्रतिनिधी आहे: एफेससची आर्टेमिस, स्मिर्नाच्या दोन नेमेसिस, पर्गाममचा आस्क्लेपिओस, लाओडिकियाचा गरुडधारी झ्यूस. दोन शहरांची नावं ‘-ओन’ शेवटांनी सापडली की कोडं सुटतं.

एक नाणं पूर्ण क्रमाने घेऊ. फ्रिजियातल्या आपामेयाचं, सेप्टिमियस सेव्हेरस आणि पुढे फिलिपच्या काळातलं, संग्रहांत फारच थोडं दिसणारं. वर्णन: उघड्या झाकणाची चौकोनी पेटी, पाण्यावर, आत कमरेपर्यंत दिसणारे पुरुष आणि स्त्री, डावीकडे पेटीबाहेर पुरुष आणि स्त्री, हात उंचावलेले, झाकणावर एक पक्षी, वरून दुसरा पक्षी पायांत फांदी घेऊन येतो. पेटीवर तीन अक्षरं: न्यू, ओमेगा, एप्सिलॉन. नोए, म्हणजे बायबलमधल्या जलप्रलयाच्या कथेतला नोहा.

इथे दोन चुका होतात. पहिली, माणसं चार मोजली जातात. जोडपं एकच आहे; आधी पेटीत, नंतर कोरड्या जमिनीवर आभार मानताना. एकाच चौकटीत प्रसंगाचे दोन क्षण दाखवण्याची ही पद्धत आहे. तोच वेश, तीच जोडी पुन्हा दिसली की ही शक्यता आधी तपासा. दुसरी चूक म्हणजे यावरून शहर ज्यू किंवा ख्रिस्ती होतं असं ठरवणं. याच आपामेयाला ‘किबोतोस’, म्हणजे पेटी, असं टोपणनाव होतं, आणि त्याच शहराच्या इतर नाण्यांवर नेहमीचे ग्रीक देव आहेत. नाणं एवढंच सांगतं की जलप्रलयाची ही कथा शहराने आपली म्हणून मिरवली. त्यापलीकडे जायचं तर नाण्याबाहेरचा पुरावा लागेल.

टप्पा ९: दुसऱ्या नमुन्यांशी ताडून बघा

दुर्मिळ नाण्यात हा टप्पा टाळण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातून चालणारी रोमन प्रांतिक नाण्यांची सूची ऑनलाइन मोफत बघता येते. तिथे आधी शहर, मग सम्राट, मग मागच्या बाजूचं चित्र अशी गाळणी लावा. तुमचा प्रकार सापडला तर त्याच साच्याचा दुसरा नमुना शोधा. तुमच्याकडे ‘अस्पष्ट’ लिहिलेली जागा तिथे स्वच्छ असू शकते. नेमका प्रकार नसेल, तर त्याच शहराचे आधीचे आणि नंतरचे प्रकार बघा. शहरं आपला मुख्य देव सहसा बदलत नसत.

दर्शनी बाजूचा साचा जुळला म्हणून शहर तेच असं समजू नका. आशिया मायनरमध्ये एकाच कार्यशाळेतून शेजारच्या शहरांची कामं होत आणि सम्राटाच्या चेहऱ्याचा एकच साचा अनेक शहरांसाठी वापरला जाई.

मग जुने लेखक. एलिसमध्ये पाडलेल्या हेड्रियनच्या अतिदुर्मिळ नाण्यांवरचा बसलेला झ्यूस पौसानियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने केलेल्या ऑलिंपियाच्या मूर्तीच्या वर्णनाशी ताडता येतो: उजव्या हातात विजयदेवता, डाव्या हातात राजदंड. पण वर्णन आधी वाचून नाणं बघू नका. आधी वही, मग पौसानियस. नाहीतर जे वाचलं तेच दिसतं.

टप्पा १०: निष्कर्ष तीन पायऱ्यांत लिहा

नोंदीत तीन वेगळ्या ओळी ठेवा. ‘निश्चित’ मध्ये फक्त मुद्रालेखाने सांगितलेलं किंवा त्याच साच्याच्या दुसऱ्या नमुन्याने सिद्ध झालेलं. ‘संभाव्य’ मध्ये दोन किंवा अधिक खुणा जुळून, शहराच्या इतर नाण्यांच्या आधाराने काढलेलं. ‘अंदाज’ मध्ये बाकीचं. देवाच्या नावासोबत शहर लिहायला विसरू नका: ‘आर्टेमिस’ नको, ‘पेर्गेची आर्टेमिस, पूजामूर्ती, दोन खांबांच्या देवळात’.

मूर्तीचं वर्णन आणि त्याचा अर्थ एका वाक्यात मिसळू नका. टप्पा ३ मधलं वर्णन जसंच्या तसं वर ठेवा आणि अर्थ त्याखाली. उद्या त्याच साच्याचा चांगला नमुना लिलावात आला, तर फक्त खालची ओळ बदलावी लागेल. बदल केलात तर जुनी ओळ खोडू नका, तारखेसह राहू द्या, आणि कोणत्या नमुन्यामुळे बदललं ते शेजारी लिहा.